अवतरणचिन्हांतली होडी

निदाच्या वाचनालयात नोव्हेंबरला चारलाच अंधार पडतो.
एर्डमोनास बूट दारात काढून मोज्यांवर आत येतो
(कितीदा सांगितलं, गरज नाही),
आणि विकीच्या चौकटीत दोन बोटांनी लिहितो:
माझ्या वडिलांची होडी कुठे गेली

यंत्र सतरा हजार पानं पुढं करतं.
पहिलंच एका गायकाचं.

म्हटलं, ते ‘माझ्या’ काढा.
इथं कुणी कुणाचं नसतं.
‘कुठे’ काढा, ‘गेली’ काढा,
रडणं तर त्याला ऐकूच येत नाही.
पान स्वतःला ज्या नावानं ओळखतं
तेच नाव घेऊन हाक मारा.
म्हणजे, तो म्हणाला, उत्तर मला आधीच ठाऊक हवं.
थोडंसं. हो.

मग गाव. लौझेन.
एकाच नावाची पाच जणं ओळीनं उभी राहिली:
एक डोंगर, एक रेल्वे फाटक, एक चीज,
एक पडलेला सेनापती,
आणि तळाशी, रांगेत उशिरा आल्यासारखं,
वाळूखाली गेलेलं गाव.

जर्मन लौझेन लिहायचे, कागदोपत्री लौझ्याई,
त्याच्या आईच्या तोंडी नुसतं लाउझ.
कुठलंही लिहा, पान तेच उघडतं,
वर बारीक अक्षरात: ‘लाउझ’ येथून पुनर्निर्देशित.
घरं गेली, चर्च गेलं, घंटासुद्धा कुणी नेली,
पण जाता जाता कुणीतरी
टपालवाल्याला पत्ता सांगून ठेवलाय.

पान तीन ओळींचं. होडी नाही.

होडीच्या डोलकाठीवर लाकडी निशाण असायचं,
प्रत्येक काठाचा रंग वेगळा,
दुरून कळावं कोण कुठला.
त्याला आठवतं: पिवळं-निळं.
वडिलांच्या खांद्यावर बसून त्यानं हात लावला होता,
ओला रंग बोटांना लागला होता.
साडेपाच वर्षांचा होता तेव्हा.

म्हणून आम्ही लिहिलं, अवतरणचिन्हांत घट्ट,
“लौझेनचं पिवळं-निळं निशाण”.
ही चिन्हं म्हणजे वाऱ्यात काडीभोवती धरलेले तळवे,
आतलं जसंच्या तसं राहतं.
निकाल: शून्य.
वजाचं चिन्ह लावून फुटबॉलचा क्लब बाहेर काढला,
झ बदलला, ज केला, परत झ केला.
शून्य.
पुढच्या गुरुवारीही शून्य.
त्या गुरुवारी तो बूट न काढताच आत आला.

मला फार उशिरा सुचलं.
मी चिन्हं पुसली.
गाव एका खिडकीत, रंग दुसरीत.

लौझेन: काळं-पांढरं.
पिवळं-निळं: दक्षिणेचा किनारा,
खाडीच्या पलीकडे, नऊ गावं.

पान चूक आहे, तो म्हणाला.
असेल. पानं चुकतात.
मी ‘इतिहास’ उघडून दिला, कुणी कधी काय बदललं ते,
‘चर्चा’ उघडून दिली, तिथं दोन माणसं
एका रंगावरून अकरा वर्षं भांडत होती.
तळटीप वाचा, म्हटलं, मग तुम्हीही भांडा.
तळटीप मत्स्य-निरीक्षकाच्या वहीची होती.
त्यानं ती वाचली. चष्मा पुसला. पुन्हा वाचली.

बाहेर खाडीवर कुणीतरी बर्फाची जाडी बघत
काठी आपटत चाललं होतं.

आई म्हणायची, तो बऱ्याच वेळानं बोलला,
तुझा बाप पाण्यावरून आला.
मला वाटायचं, मासे धरून.

दोन्ही शब्द खरे होते त्याचे.
फक्त ते एका गावचे नव्हते,
आणि आम्ही त्यांना बळंच एका चिन्हात कोंडलं होतं.

मग ‘येथे काय जोडले आहे’ वर बोट,
मग नऊ नावं, एकेक, दोन बोटांनी.
आठ निळी. सातव्या क्रमांकाचं लाल,
म्हणजे पान अजून कुणी लिहिलेलं नाही.
त्यानं नेमकं तेच दाबलं.

विचारतंय, तो माझ्याकडे वळून म्हणाला,
हे पान तयार करायचं का.
काय सांगू?

सहा वाजत आले होते. मला दिवे मालवायचे होते.
सांगा, म्हटलं, गुरुवारी येतो.