हात ठेवायचा दांडा

क्वार्टर गेटपाशी, चष्म्याच्या दुकानावरच्या हॉलमध्ये
भिंतीला दांडे बसवायचे होते.
एक मोठ्यांचा, बेचाळीस इंचावर,
एक पोरांचा, बत्तीसवर.
कपडे वाळत घालणार का, मी विचारलं.
गुलनार मॅडम हसल्या. माणसं घालणार, मिस्त्री.

टिंबर मार्केटातून सागाचा गोल आणला, दीड इंची.
तीन दिवस घासला.
शंभर नंबरचा कागद, मग दोनशे वीस,
मग नुसता तळहात. कुसळ राहिलंच
तर आधी मला टोचलं पाहिजे.
भिंत जुनी, चुन्याची,
ड्रिल लावला की पिठासारखी गळायची.
चार ब्रॅकेटं पुरली असती. मी सहा ठोकली.

चौथ्या दिवशी खालच्या दांड्याचं पॉलिश सुकलं,
वरचं ओलंच. म्हणून आधी पोरांचा वर्ग भरला.
मी कोपऱ्यात पुट्टी कालवत बसलो.

टाचा चिकटवा. बोटं बाहेर.
पाऊल पिळू नका, मांडी वळवा, खुब्यातून,
दार बिजागरीत वळतं तशी.
हे मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या.

आता प्लिए.
गुडघे वाकवायचे, दोन बाजूंना,
पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या बरोब्बर वर गुडघा.
टाच जमिनीला. बसकण मागे जाता कामा नये.
मी मनातल्या मनात ओळंबा सोडला
एकेकाच्या मानेपासून टाचेपर्यंत.
मिहान नावाच्या पोराचा दोरा
सारखा आरशाकडे जात होता.
सांगावंसं वाटलं. पण आपलं काम पुट्टीचं.

तांदू. पाय पुढे सरकवा, जमीन न सोडता.
टाच उठेल, चवडा उठेल, टोक टेकलेलंच.
रंध्याच्या शेवटच्या विताला
हात हलका होतो,
पातं मात्र लाकडावरच असतं, तसं.
परत येताना तीच वाट. घाई नको.

रेलेवे म्हणजे चवड्यांवर चढणं.
फळीवरचा डबा काढायला आपण रोजच चढतो,
इथे डबा नसतो एवढंच.
आणि उतरायचं असं,
की खाली कुणी झोपलंय.
खाली दुकानात लुंकडशेठ
दुपारी खरंच झोपतात.

वर्ग सुटल्यावर म्हटलं, मॅडम, टेस्ट घेतो.
वरच्या दांड्याला लटकलो, गुडघे पोटाशी घेऊन.
अडुसष्ट किलो, शिवाय कमरेला हत्यारांचा पट्टा.
दांड्यानं हूं की चूं केलं नाही.
शंभर किलोची गॅरंटी, मी म्हणालो.

छान, मॅडम म्हणाल्या.
पण ज्याला जमलं
त्याचं वजन यावर पडतच नाही.
ओळखीच्या माणसाच्या खांद्यावर ठेवतो ना हात,
तेवढाच ठेवायचा.

मला जरा रागच आला.
सहा ब्रॅकेटं. अठरा स्क्रू.
भिंतीची एवढी मनधरणी.

मग हत्यारं आवरली.
मॅडम फोनवर होत्या.
चपला काढल्या, डावा तळवा दांड्यावर ठेवला.
पॉलिश अजून किंचित चिकट.
तीस वर्षं उकिडवं बसून
गुडघ्यांनी त्यांचाच कोन धरलेला,
टाचा काही जुळेनात.
वाकलो तरी. उजवीकडे कट्ट वाजलं.
सागाला कळलंही नसेल कोण आलं ते.
एक श्वास. दुसरा.
आरशात मॅडम दिसल्या, फोन कानालाच,
मोकळ्या हातानं खूण:
हनुवटी वर.

घरी जाताना बसमध्ये उभाच होतो.
स्टीलच्या दांड्यावर बोटं नुसती टेकवली,
खांद्यावर ठेवतात तेवढी.
सेव्हन लव्हज चौकात ड्रायव्हरनं
करकचून ब्रेक मारला.
गुडघा, टाच, दुसरं बोट,
काही म्हणजे काही आठवलं नाही.
दोन्ही हातांनी लटकलो.

दांडा हलला नाही.
वर बघितलं, तर पट्टीला
चार पुरले असते तिथे
सहा स्क्रू.