सापडत नाही

मे महिना, मानेवाड्याची लॅब, दुपारचे तीन.
कूलर नुसताच घरघरतोय, खसाच्या जाळ्या कोरड्या.
चेतक नंदनवार म्हणतो, "म्याडम,
टाकलं त आहे मी. पूर्ण झालं म्हणे.
आता नाही म्हणून राहिला."

काळ्या पडद्यावर एकच ओळ:
कमांड सापडली नाही.
तो परत टाइप करतो. तेच.
मग एंटरवर मूठ आपटून,
जणू बहिऱ्याशी बोलतोय. तेच.

थांब, म्हणते मी, आधी शोध, आहे का.
फाइंड बराच वेळ चालतो
आणि घरातल्याच एका फोल्डरात,
नावाआधी टिंब लावून लपलेल्या,
प्रोग्राम बसलेला निघतो, अंघोळ करून, तयार.

बेसा रोडच्या नव्या लेआउटात आम्ही राहायला गेलो
त्या वर्षी गॅसवाला सिलिंडर परत न्यायचा,
"पत्ता नाही" असं लिहून.
घर होतं. दाराला तोरणही होतं.
त्याच्या वहीत प्लॉट अठ्ठावन्न नव्हता.

शेल तसाच. सगळं गाव नाही धुंडाळत.
पाथमधल्या पाच-सात गल्ल्या, त्याही क्रमानं,
आणि माघारी.
"म्हणजे खोटं नाही बोलून राहिला?"
नाही रे. जिथं पाहिलं तिथं नव्हतं.

चेतक यादीच्या शेवटी नवी गल्ली जोडतो,
मधे कोलन, फाइल सेव्ह.
चालवतो. तेच.
अरे, ही खिडकी जुनी आहे,
तिला उघडतानाचीच यादी पाठ. नवी उघड.

नव्या खिडकीत उत्तर येतं,
पण आवृत्ती दुसरी, गेल्या बॅचनं टाकलेली,
पहिल्याच गल्लीतली.

(आमचंही नाव वहीत चढलं, सगळ्यात खाली.
पुढचे तीन महिने सिलिंडर
जुन्या लेआउटच्या अठ्ठावन्नात उतरत राहिला.
त्या बाईंनी एकदाही कळवलं नाही.)

चेतक आपली गल्ली पुढं सरकवतो.
पुन्हा नवी खिडकी. आवृत्ती तिसरी.
"एवढुसंच होतं?"
एवढुसंच. पाऊण तास.

तो उठतो, कूलरमागं वाकतो,
गच्चीवर जाऊन येतो, कान लाल.
"म्याडम, टाकीत पाणी त आहे."

मी ओढणी डोक्याला गुंडाळते.
चल, पाइप बघू कुठून कुठं गेलाय.