डाख

मीच तोडली ती वायर.
फावड्याच्या धारेनं, मंगळवारी सकाळी,
चांगलं लख्ख दिसत होतं तेव्हा.
बर्फाखाली होती, असं म्हणालो असतो
कुणी विचारलं असतं तर.
कुणी विचारलं नाही.

न्यूफाउंडलंडच्या या टोकाला चौदा घरं उरलीत,
त्यातली नऊ हिवाळाभर बंद.
एका अंगणातले दिवे गेले
की अख्ख्या बंदराला कळतं.

ड्रूसिला पिन्सेंट दर डिसेंबरला
लाकडी पट्ट्यांवर दिव्यांची माळ ठोकते
आणि होडी उभी करते.
सांता नाही, हरणं नाही. होडी.
नाळ, केबिन, सुकाणूपाशी एक लाल दिवा.
विनिफ्रेड.
तिच्या नवऱ्याची नि माझी, निम्मी निम्मी.
कॉड मारायला बंदी आली, तो इस्पितळात होता,
आणि मी ती विकून टाकली.
निम्मे पैसे पाठवले.
चेकबरोबर चिठ्ठी नव्हती.

तेव्हापासून, म्हणजे तो गेला त्याच्याही आधीपासून,
आमचं बोलणं नाही,
आणि दर डिसेंबरला माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर
ती नांगर टाकून उभी.
मी पडदा ओढून चहा पितो.

बुधवारी ड्रूसिला दारात.
मासळीच्या टबात सगळी माळ गुंडाळलेली,
वर काढलेली दोन तुटकी टोकं,
टबातून मान वर काढणाऱ्या वामांसारखी.
"तुझ्याकडे डाख द्यायची सळई आहे."
हा प्रश्न नव्हता.

टेबलावर वर्तमानपत्र पसरलं.
हिरवं आवरण सोललं तर आतलं तांबंही हिरवं,
खारी हवा वायरच्या आतून
कितीतरी लांब चालत गेलेली.
असल्या तांब्याला डाख धरत नाही.
इंचभर कापलं. काळं.
आणखी इंचभर. अजून काळं.
चमक लागेपर्यंत मागं मागं जावं लागतं,
आणि दर कापाला माळ तोकडी होते.
ती बघत होती. मी मोजत नव्हतो.

दोन तारा, दोन सांधे,
समोरासमोर आणायचे नसतात,
एक जरा अलीकडे, एक पलीकडे,
नाहीतर ठिणगी.
"धर," मी म्हणालो. अकरा वर्षांतला पहिला शब्द.
तिनं धरलं. बोटं थरथरत होती,
तिची का माझी, सळईच्या धुरात कळेना.

सांधा छान बसला. आरशासारखा.
आणि मग दिसलं,
वर चढवायची नळी टेबलावरच राहिलेली.
ती आधी ओवायची असते. शेंबड्या पोरालाही माहीत असतं.
चाळीस वर्षं इंजिनं उघडली मी,
आणि नळी टेबलावर.

ड्रूसिला हसली.
खोकला आल्यासारखी आधी, मग चांगलीच,
डोळे पुसत, खुर्चीला धरून.
"अॅम्ब्रोज," ती म्हणाली,
"तू सगळंच आधी जोडतोस आणि मग विचार करतोस."
मी सांधा पुन्हा तोडला.
या वेळी माझ्या हातानं, तिच्या समोर.

आकसायला तिच्या केसांचा ड्रायर आणला.
संध्याकाळी उणे अकरा, वारा ईशान्येचा.
मी पट्ट्या धरल्या, तिनं खिळे मारले,
आणि माळ नाळेपाशी संपली,
वीतभर आधी.
दोन्ही बाजू एकमेकींकडे येऊन
थांबलेल्या.

पिन तिच्याच हातात होती.
तिनं लावली. अर्धे दिवे लागले,
केबिनचे लागले नाहीत, ते कधीच लागत नव्हते म्हणे,
मला एवढ्या वर्षांत खिडकीतून दिसलं नव्हतं.

"नाळेला भोक राहिलं," मी म्हणालो.
"तिथूनच पाणी यायचं," ती म्हणाली,
"तुलाही माहीत होतं."

फावड्याचं सांगायचं होतं.
तोंड उघडलं तेवढ्यात ती म्हणाली,
"गार पडतंय. तुझं फावडं माझ्या कुंपणाला टेकलंय
मंगळवारपासून.
घेऊन जा."