वापरायला तुमचे

"दिवसाचे अठरा हजार," नईम सतारमेकर म्हणाला,
"फोटो बारा. मिरजेहून यायचे पैसे नाहीत,
सांगली काय परगाव आहे का?"
मी अठरावरच अडले होते, तोवर त्याने पुढचं वाचलं:
मुदत तीन वर्षं. वेबसाइट, माहितीपत्रक, स्पर्धा.
होर्डिंग नाही. फरशीवाल्याला, रंगवाल्याला परस्पर देणं नाही.
म्हणजे पैसे मोजूनही फोटो माझे नाहीत?
"वापरायला तुमचे," तो म्हणाला
आणि चहाची बशी उजेडात इंचभर सरकवली.
सवय असणार.

भाडेकरूला सुनवावं तसं ते मला लागलं.
रात्री भांडी विसळताना भांडत राहिले त्याच्याशी:
भिंत मी आखली, खिडकी मी ठेवली पूर्वेला,
तू फक्त बोट दाबणार!

मग आठवलं, आणि नळ बंद केला.
माधवनगरला एसटीतून दिसलेलं ते घर,
माझाच नकाशा, डावीचं उजवीकडे उलटलेला,
जिना तोच, कट्टा तोच, न्हाणीघर भलत्याच दिशेला.
ठेकेदार म्हणाला होता, मॅडम, नकाशाचे पैसे
मागच्या घरालाच दिलेत की. कितींदा द्यायचे?

सकाळी सही केली.
अठराचे सोळा मात्र करून घेतले.

घर शामरावनगरचं, शेडबाळेबाईंचं.
हळदीची पेढी मुलांवर टाकून एकटीसाठी बांधलेलं.
मोकळ्या प्लॉटवर उभं राहून त्यांनी
कृष्णा आली होती तिथवर हात नेला, हवेत,
आणि मी त्या हाताला टेप लावली.
तेवढं जोतं. वर एक फूट.

नईम आदल्या दिवशी नुसता बसायला आला.
वहीत लिहीत होता: सहा पन्नास, जिना.
साडेनऊ, ओटा. चार दहा, काही नाही.
"काही नाही, हे काय लिहायचं?" बाईंनी विचारलं.
"तेव्हा काढायचा नाही, हेही लक्षात राहावं लागतं."
त्याचे आजोबा भोपळे निवडायला भीमाकाठी जायचे,
टिचकी मारून आतली पोकळी ऐकायचे.
"तंबोरा विकायचे," तो म्हणाला, "त्यातला सा नाही.
जवारी बिघडली की गिऱ्हाईक परत आमच्याच दारात."
बाई हसल्या. मग म्हणाल्या, "आणि या कागदात माझं काय रे?
घर माझं, माझी सही कुठंच नाही."

आम्ही दोघंही गप्प.

शेवटची ओळ मग हाताने लिहिली, निळ्या पेनने:
औषधांचं कपाट, यांचा फोटो आणि झोपायची खोली
दिसणार नाही.
'यांचा' म्हणजे कुणाचा, नईमने विचारलं नाही.
त्या बोलल्या तसंच लिहिलं.

दोन महिन्यांनी फरशीवाल्याचा फोन.
कोल्हापूर रोडला होर्डिंग, जिन्याचा फोटो, बोला किती.
मी नईमचा नंबर दिला, बाईंचाही दिला.
होर्डिंगवर पुढे दुसऱ्याच कुणाचा जिना दिसला.

परवा नईमचा मेल आला: मुदत संपते आहे,
बारापैकी कोणते ठेवायचे?
शेजारच्या प्लॉटवर आता तीन मजले.
जिन्यात ऊन दहानंतर येतं, तेही पायरीभर.
"सकाळी दिवा लावून उतरते," बाई म्हणतात,
तक्रार म्हणून नाही, वेळ सांगावी तसं.

अकरा सोडून दिले. सहा पन्नासचा ठेवला.
एक छायाचित्र, तीन वर्षं, दोन हजार शंभर.
मोठी प्रत काढून बाईंना द्यावी म्हटलं,
कागद पुन्हा वाचला. होर्डिंग होतं, स्पर्धा होती,
राहत्या घराच्या भिंतीबद्दल एक अक्षर नव्हतं.

नईमला फोन केला. "कुठं लावणार?"
तिथंच, म्हटलं. जिन्यात.
पलीकडून बराच वेळ फक्त रंधा ऐकू येत होता.
"पूर्वेच्या भिंतीला नको," तो म्हणाला,
"समोरच्या लावा. नाहीतर काचेवर दिवा चमकेल."