खिंड

बार्शी सोडली की रस्ता चढतो.
एवढाच आमचा सह्याद्री:
बालाघाटाची एक खिंड,
एसटीच्या ड्रायव्हरला दुसऱ्या गिअरइतकी ठाऊक.

जुनी वाट खालून जाते, घाणेरीतून.
हिरामण चव्हाण पुढं. थांबला.
"इथं बोट घाला."
कातळात खाच, बैलाच्या खुराएवढी,
आत चिमूटभर माती, एक मुंगळा.

"आमचे आजे मीठ आणायचे, ज्वारी न्यायचे.
कुठल्या सालापासून, ते बैलांना विचारा."

मी फोनवर उंची बघितली,
मीटरमध्ये, दशांशासकट.
तो हसला.
"पाठीवर गोणी घेऊन मोजा की ओ."

माथ्यावर नुसता वारा.
लांब खाली करडईची पिवळी पट्टी.

उतरताना माझा पाय
न बघता त्या खाचेत पडला.
बसला.