पाणी उकळत ठेवा

सव्वीस वेस्टर्न चित्रपटांत माझा बाप डॉक्टर होता.
एकातही त्याला नाव नव्हतं.
शेवटच्या यादीत, घोडे पुरवणाऱ्याच्या जरा वर,
नुसतं 'डॉक', आणि पुढे ऑर्विल टेसमर,
तेही दोनदा चुकीच्या स्पेलिंगने.

काम ठरलेलं.
मध्यरात्री कुणीतरी दार बडवणार,
हा शर्ट पँटीत खोचत, कंदील घेऊन येणार,
जरा झोकांड्या खात,
कारण दारूचा वास पडद्यावर येत नाही,
तो चालीतून दाखवावा लागतो.
टेबलावरची ताटं कोपराने ढकलून देणार
आणि बायकांकडे न बघता म्हणणार,
"पाणी उकळत ठेवा."

मग व्हिस्की. अर्धी जखमेवर, अर्धी जखमीला,
एक घोट, संहितेत नसलेला, स्वतःला.
दातांत चामड्याचा पट्टा.
कपाळावर ग्लिसरीनचा घाम.
आणि पत्र्याच्या भांड्यात गोळी: टण्ण.

तो आवाज तिथे नसायचाच.
तो नंतर, बरबँकमधल्या एका बिनखिडकीच्या खोलीत
लेस्टर क्विग नावाचा माणूस
कोटाचं बटण बशीत टाकून काढायचा.

मी केनॅबच्या इस्पितळात नर्स. चौतीस वर्षं झाली.
शिकारीच्या मोसमात गोळी लागलेली माणसं येतात.
मी एकदा त्याला सांगितलं,
आम्ही पुष्कळदा गोळी काढतच नाही.
राहू देतो आत. उकरण्यात जास्त नुकसान.
तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला,
"मग माणसाला कळतं कसं, की आता बरं व्हायचं?"

सत्तावन्न साल. मी नऊ वर्षांची.
लाल टेकड्यांच्या पायथ्याशी चित्रीकरण.
घोड्यावरून पडण्याचे पैसे घेणारा ड्वेन हॅस्केट
ठरल्या जागेच्या चार हात अलीकडे पडला.
तिथे वाळू नव्हती, खडक होता.
खरा डॉक्टर सत्तर मैलांवर.
आणि मी पाहिलं,
दिग्दर्शक, आचारी, रोजावर आलेली नवाहो माणसं,
सगळे वळून माझ्या बापाकडे बघताहेत.
काळा कोट त्याच्याच अंगावर होता ना.
हातात ती बॅग.

बॅगेत काय होतं, मला ठाऊक होतं:
वजनासाठी वीट, कालचा पेपर,
माझ्यासाठी ठेवलेलं अर्धं सँडविच.

तो गेला. गुडघे टेकले.
बाह्या वर केल्या, दोन-दोन घड्या, नेहमीसारख्या.
नाडी धरली, चुकीच्या बाजूला; हे मला आता कळतं.
आणि दुसरं काही सुचेना म्हणून म्हणाला,
"पाणी उकळत ठेवा."

अख्खा तळ धावला.
कुणी फळ्या मोडल्या, कुणी कॉफीची किटली आणली,
तंबूतल्या बंदूकवाल्या खलनायकाने
आपल्या टोपीने जाळाला वारा घातला.
ड्वेनचा श्वास जरा संथ झाला.
तीन तासांत पाणी आटलं, पुन्हा भरलं, पुन्हा आटलं.
कशासाठी, ते कुणी विचारलं नाही.

ड्वेन जगला. रीनोत टॅक्सी चालवायचा, एक पाय ओढत.
नाताळला त्याचं कार्ड यायचं. पाकिटावर फक्त 'डॉक'.
बाप ते टेबलावर पालथं ठेवायचा.
"मी माझं वाक्य म्हटलं," एवढंच.

आता तो अठ्ठ्याऐंशीचा, माझ्याच वॉर्डात,
खिडकीजवळच्या खाटेवर. पाणी छातीत भरतंय त्याच्या.
मला आकडे वाचता येतात, म्हणून
मी ते वाचत नाही.
पहाटे तो डोळे उघडतो,
माझ्या बाह्यांकडे बघतो.
मी त्या वर करते. एक घडी. दुसरी.

मग पलीकडे जाऊन किटली लावते.
चहा कुणालाच नको आहे.
आवाज ऐकू जावा म्हणून
मधलं दार उघडं ठेवते.