इम्प्लाइड

अहमदपूरच्या कोर्टात
पंखा एका ठिकाणी आला की अडखळतो,
तिथंच मीही अडखळले.
निकालाचं मराठी करायला घेतलेलं, पान चौदा, ओळ सहावी :
सोजरबाई बिरादार यांची संमती
इम्प्लाइड होती.

डिक्शनरीत शब्द रेशनच्या रांगेसारखे उभे,
गर्भित, ध्वनित, अनुक्त.
गर्भित म्हणावं तर पोटात काहीतरी हवं.
ध्वनित म्हणावं तर कुठूनतरी आवाज.
साक्षीत सोजरबाई एवढंच बोलल्यात :
"भाऊ इचारायलते. मी भाकरी थापायलते."
पुढच्या ओळीत लगेच वकील.

शाळेत फुलारीबाई फळ्यावर लिहायच्या, 'ये.'
कर्ता कुठाय?
आम्ही एका सुरात, अध्याहृत!
न दिसणारा, तरी असलेला 'तू'.
इथं उलटंच झालंय.
कर्ता दिसतोय, चुलीपुढं बसलेला, कोपरापर्यंत पीठ.
क्रियापदाचाच पत्ता नाही.

तसं आपल्यात कोण सगळं बोलतं?
जाणारा म्हणतो, येतो.
दुकान बंद करणारा म्हणतो, वाढवतो.
माझ्या सासूबाई 'बघू' म्हणाल्या
की मी भरलेली बॅग उघडते
आणि साड्या परत कपाटात लावते.
हे कुठल्या कायद्यात शिकले मी?

शिरस्तेदार काझीसाहेबांना विचारलं.
ते म्हणाले, आमचे दादा निजामाच्या दफ्तरात लिहायचे,
खामोशी, नीम रझा.
मला झाड दिसलं,
गेटजवळचं, ज्याच्याखाली स्टॅम्पवाले बसतात.
कडू राजीखुशी, असं काहीतरी समजले मी.
ते हसले.
"नीम म्हणजे अर्धी, मॅडम.
माणूस गप बसला, अर्धी रझा झाली."

आणि उरलेली अर्धी, साहेब?

त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला
आणि फाईलची दोरी बांधत राहिले.
गाठ बसली. सोडली. परत बांधली.
आता यातून मी काय समजायचं?

पाच वाजत आले.
निकाल माझा नाही, फक्त मराठी माझं.
लिहिलं :
सोजरबाई बिरादार यांची संमती गृहीत धरण्यात आली.
बिनचूक वाक्य. कुणी हरकत घेणार नाही.
कुणी धरली, ते त्यात नाही.
फुलारीबाई, कर्ता लपवायला आपल्या भाषेत
जागा फार आहे हो.

नवव्या दिवशी नक्कल घ्यायला त्या स्वतःच आल्या.
पदराच्या गाठीतल्या नोटा, घामानं मऊ झालेल्या.
"ह्याच्यात मी कुठं हाय, बाई?"
मी ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचलं.
गृहीत धरण्यात आली, इथपर्यंत.

त्या माझ्या बोटाकडं बघत राहिल्या,
ओळीकडं नाही.
बराच वेळ. मागच्या माणसानं खाकरून दाखवलं.

"त्या दिशी पीठ कमी पडलं," त्या म्हणाल्या,
"तिघांत दोनच भाकरी झाल्या.
मी नाही जेवले."

हे साक्षीत नव्हतं.
मी शिक्का उचलला.
शाई वाळली होती, दोनदा दाबावा लागला.